घेतानाच विचारा, सोडताना किती?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

इंटरनेटचे कनेक्शन घेताना आपण साधारण तीन प्रश्न विचारतो. स्पीड किती? महिन्याला पैसे किती? आणि माणूस जोडायला कधी येणार? चौथा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. उद्या हे कनेक्शन नको झाले, तर सोडताना किती द्यावे लागतील? लग्नाच्या बैठकीत काडीमोडाचा विषय काढू नये, तसे काहीसे आपल्याला वाटत असावे. पण इंटरनेटची कंपनी म्हणजे काही सोयरीक नव्हे. तो व्यवहार आहे, आणि व्यवहारात शेवटचा आकडा आधी माहीत असलेला बरा.

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. आजऱ्यासारख्या तालुक्याच्या गावात फोन म्हणजे सरकारी दूरसंचार खात्याचा फोन. अर्ज करायचा, अनामत भरायची आणि नंबर लागायची वाट बघायची. घरात फोन वाजू लागला की शेजारीपाजारी पेढे वाटले जात. १ ऑक्टोबर २००० रोजी या खात्याचे 'भारत संचार निगम' झाले, तरी गावात तार एकच होती. दुसरीकडे जायला जागाच नसेल, तर सोडून जायचे शुल्क कोण लावणार?

आता चित्र बदलले आहे. मोबाइल कंपन्या आहेत, निगमचे फायबर आहे, खासगी कंपन्यांचे फायबर आहे आणि टीव्हीच्या तारेबरोबर इंटरनेट देणारा गावातला केबलवालाही आहे. ग्राहकाला निवड मिळाली हे चांगलेच झाले. पण निवड आली की बदल आला, आणि बदल आला की 'मुदतीआधी सोडल्यास' अशी सुरुवात असलेले एक कलमही आले. बारीक अक्षरातल्या या कलमाचाच आज विचार करू.

फुकटाचा हिशेब

'जोडणी फुकट, राउटर फुकट' अशी जाहिरात आपण वाचतो. आता जरा विचार करा. खांबापासून तुमच्या घरापर्यंत ओढलेली तार फुकट येत नाही. भिंतीवर बसवलेली डबी, टेबलावरचा राउटर, शिडी घेऊन आलेल्या माणसाची मजुरी, या सगळ्याचे पैसे कुणीतरी दिलेले असतात. ते कंपनीने दिलेले असतात आणि दरमहा थोडे थोडे करून ती ते तुमच्याकडून वसूल करणार असते. म्हणून ती म्हणते, निदान सहा महिने किंवा वर्षभर तरी राहा.

आपल्या ऊसपट्ट्यात ही गोष्ट समजावून सांगायची फारशी गरज नाही. तोडणीची टोळी हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेते. उचल हाती आली की बरे वाटते, पण ती फिटेपर्यंत टोळीला दुसरीकडे जाता येत नाही. फुकट जोडणी हीसुद्धा एक छोटीशी उचलच आहे. फरक एवढाच, की टोळीला आपण उचल घेतली आहे हे पक्के माहीत असते. आपल्याला मात्र ते कनेक्शन सोडायच्या दिवशी कळते.

म्हणजे मुदतीआधी सोडल्याचे शुल्क हा मुळातच अन्याय आहे, असे म्हणता येणार नाही. कंपनीने तुमच्यासाठी खरोखर खर्च केला असेल आणि तो फिटायच्या आत तुम्ही निघालात, तर उरलेला खर्च मागणे रास्त आहे. खरा प्रश्न पुढचा आहे. मागितलेली रक्कम त्या उरलेल्या खर्चाएवढीच आहे, की सोडून चालल्याबद्दलचा दंड आहे?

एक हिशेब मांडून पाहू. आकडे समजुतीपुरते आहेत. समजा, गावात शिवणकाम करणाऱ्या एका ताईंनी मुलीच्या अभ्यासासाठी फायबर घेतले. भाडे महिना ६०० रुपये. जोडणीचा खर्च २,४०० रुपये, तो वर्षभर राहण्याच्या अटीवर माफ. म्हणजे दर महिन्याला २०० रुपये फिटत जातात. आठ महिन्यांनी मुलगी शिकायला कोल्हापूरला गेली आणि ताईंना कनेक्शन नको झाले. फिटायचे राहिले चार महिने, म्हणजे ८०० रुपये. कंपनीने ८०० मागितले तर तो उरलेला खर्च. राहिलेल्या चार महिन्यांचे पूर्ण भाडे, म्हणजे २,४०० रुपये मागितले, तर मात्र विचारायला हवे की हे कशाचे? जी सेवा मी वापरणार नाही आणि तुम्ही देणार नाही, तिचे पूर्ण भाडे कसे काय?

हे शुल्क नेहमी याच नावाने येते असेही नाही. कधी ते 'माफ केलेला जोडणी खर्च' म्हणून शेवटच्या बिलात येते. कधी राउटरची किंमत म्हणून अनामतीतून कापले जाते. कधी वर्षाचे भाडे आगाऊ भरलेले असते आणि उरलेले महिने परत मिळत नाहीत. पावतीवर नाव काहीही असो, खिशातून जातात ते पैसेच. म्हणून विचारताना 'एक्झिट चार्ज आहे का?' एवढेच विचारू नका. 'अमुक महिन्यांनी सोडले तर एकूण किती रुपये माझ्याकडून जातील आणि किती परत मिळतील?' असे विचारा.

पाचशे एक रुपयांचा फोन

आपल्याकडे हा प्रकार अगदी नवा नाही. जुलै २००३ मध्ये रिलायन्स इन्फोकॉमने 'मान्सून हंगामा' नावाची योजना आणली होती. सुरुवातीला फक्त ५०१ रुपये भरून मोबाइल हातात. उरलेले पैसे महिन्यांच्या हप्त्यांत. ज्यांनी कधी मोबाइलला हात लावला नव्हता, अशांच्या खिशात त्या पावसाळ्यात फोन आला, हे त्या योजनेचे श्रेय. पण तो फोन सीडीएमए पद्धतीचा होता. कंपनी सोडली की त्यात दुसऱ्या कंपनीचे सिम घालून वापरण्याची सोय नव्हती. फोन आणि कंपनी एकमेकांना बांधलेले होते.

पुढे २०१७ मध्ये जिओफोन आला. १,५०० रुपये अनामत, तीन वर्षांनी फोन परत केला की ती परत, अशी ती योजना. मात्र मुदतीआधी फोन परत केल्यास पहिल्या वर्षी १,५०० रुपये, दुसऱ्या वर्षी १,००० आणि तिसऱ्या वर्षी ५०० रुपये, अधिक कर, असे शुल्क अटींमध्ये होते. वर्षागणिक रक्कम उतरत जाते, हे यातले ध्यानात ठेवण्याजोगे. उतरते शुल्क निदान हे मान्य करते की ग्राहक जसा राहतो तसे देणे फिटत जाते. पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत एकच रक्कम मागणारी अट दिसली, तर तिथे दोनदा विचार करावा.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना ही गोष्ट चांगली ठाऊक आहे. तिथे वर्षानुवर्षे दोन वर्षांच्या करारावर महागडा फोन स्वस्तात मिळत असे. नोव्हेंबर २००९ मध्ये व्हेरायझन कंपनीने स्मार्टफोनच्या ग्राहकांसाठी करार मोडण्याचे शुल्क १७५ डॉलरवरून ३५० डॉलर केले. दर महिन्याला त्यातून १० डॉलर कमी होणार होते. आता गणित करा. तेवीस महिने इमानेइतबारे बिल भरून चोविसाव्या महिन्यात करार सोडला, तरी १२० डॉलर देणे उरतेच! तिथल्या सरकारी दूरसंचार आयोगाने याचा खुलासा मागितला होता. पुढे २०१३ पासून तिथल्या कंपन्या असे करार सोडून देऊ लागल्या. फोनचे हप्ते वेगळे आणि सेवेचे भाडे वेगळे, असे दाखवू लागल्या. ग्राहकाचे पैसे वाचलेच असे नाही, पण कशाचे किती हे त्याला दिसू लागले. युरोपीय संघाने तर २०१८ च्या संहितेत असा पहिला करार २४ महिन्यांपेक्षा जास्त नसावा, असेच ठरवून टाकले.

नंबर तोच, कंपनी दुसरी

मोबाइलच्या बाबतीत आपला कायदा ग्राहकाच्या बाजूने बराच पुढे गेला आहे. नंबर न बदलता कंपनी बदलण्याची सोय, म्हणजे पोर्टिंग, २५ नोव्हेंबर २०१० रोजी हरयाणात सुरू झाली आणि २० जानेवारी २०११ पासून देशभर लागू झाली. नंबर बदलण्याची धास्ती हाच तोवर ग्राहकाला बांधून ठेवणारा सगळ्यात मोठा दोर होता. दुकानाच्या पाटीवरचा, पाहुण्यारावळ्यांना पाठ असलेला, बँकेत दिलेला नंबर कोण सोडणार?

आजरेकरांसाठी यात एक गंमत होती. दूरसंचाराच्या नकाशात महाराष्ट्र आणि गोवा हे एक मंडळ, मुंबईचे मंडळ वेगळे आणि बेळगाव कर्नाटकाच्या मंडळात. म्हणजे आंबोली उतरून पणजीला गेलात तर तुम्ही घरात, आणि मुंबईत नोकरीला असलेल्या भावाकडे गेलात तर परमुलखात! आजरा तालुक्यातून मुंबईला पोट भरायला गेलेल्यांची संख्या लहान नाही. पण सुरुवातीला पोर्टिंग मंडळाच्या आतच होते. गावाकडचा नंबर मुंबईच्या मंडळात नेता येत नसे. ३ जुलै २०१५ पासून ती भिंतही पडली आणि नंबर देशात कुठेही नेता येऊ लागला.

पोर्टिंगची पद्धत सोपी आहे. 'पोर्ट' हा शब्द इंग्रजीत लिहून, जागा सोडून आपला नंबर लिहायचा आणि १९०० वर संदेश पाठवायचा. उत्तरात एक संकेतांक येतो. तो घेऊन नव्या कंपनीकडे जायचे. डिसेंबर २०१९ पासूनच्या नियमांप्रमाणे मंडळाच्या आत तीन आणि मंडळाबाहेर पाच कामाच्या दिवसांत काम व्हायला हवे.

मात्र संकेतांक मिळण्यासाठी काही अटी आहेत. सध्याच्या कंपनीकडे ९० दिवस झालेले हवेत. पोस्टपेडचे बिल थकलेले नसावे. सिम नुकतेच बदलले असेल, तर जुलै २०२४ पासून सात दिवस थांबावे लागते. दुसऱ्याच्या नंबरावर डल्ला मारणाऱ्या भामट्यांना आळा बसावा म्हणून ही अट आली. आणि आपल्या आजच्या विषयाची अट अशी, की तुमच्या करारात बाहेर पडण्याचे कलम असेल, तर त्यातले देणे पुरे केलेले हवे. म्हणजे ते बारीक अक्षरातले कलम इथेही आडवे येऊ शकते.

बहुतेक मोबाइल ग्राहक प्रीपेड असल्यामुळे त्यांना वाटते, आपला कुठे करार आहे? पण प्रीपेडवाल्यांचेही एक बिननावाचे शुल्क आहे. पोर्ट केले की जुन्या कंपनीकडची उरलेली शिल्लक बुडते. वर्षभराचे रिचार्ज मारून तिसऱ्या महिन्यात कंपनी बदलली, तर नऊ महिन्यांचे पैसे तुम्ही सोडून दिलेत. तेव्हा गावात ज्या कंपनीची रेंज अजून पारखलेली नाही, तिचे लांब मुदतीचे रिचार्ज एकदम मारू नये. आधी महिन्याचे मारून बघावे. नव्याचे नऊ दिवस संपू द्यावेत, मग वर्षाचा विचार करावा.

घरातल्या तारेच्या फोनला मात्र ही सोय अजूनही नाही. कंपनी बदलली की लँडलाइनचा नंबर जातो. जुन्या पेढ्यांनी, दवाखान्यांनी हे आधीच लक्षात घ्यावे.

कायदा काय म्हणतो?

'तुम्ही सही केली आहे,' असे म्हटले की आपण गप्प बसतो. पण सही केली म्हणजे सगळे संपले, असे आपला कायदा मानत नाही. १८७२ च्या करार कायद्याचे ७४ वे कलम सांगते, की करार मोडल्याबद्दल एखादी रक्कम ठरवून ठेवली असली, तरी समोरच्याला मिळते ती वाजवी भरपाई. ठरवलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा असते.

२०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू होऊ लागला. त्यात 'अनुचित करार' ही कल्पना पहिल्यांदा आली. अवाजवी मोठी अनामत मागणे, करार मोडल्याने झालेल्या नुकसानीच्या मानाने भलताच दंड लावणे, ग्राहकाला तोट्यात टाकणारी गैरवाजवी अट घालणे, हे सगळे त्या व्याख्येत बसते. करारच अनुचित आहे अशी तक्रार राज्य आयोगाकडे करावी लागते. सेवेतल्या त्रुटीची तक्रार मात्र कोल्हापूरच्या जिल्हा आयोगातही करता येते. कंपनीचे मुख्य कार्यालय दिल्लीत असो वा मुंबईत, ग्राहक जिथे राहतो तिथल्या आयोगात तक्रार चालते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी फी नाही आणि वकील दिलाच पाहिजे असेही नाही.

मध्यंतरी काही वर्षे अशी गेली, की टेलिफोनची तक्रार ग्राहक न्यायालयात चालतच नाही, असे सांगितले जाई. त्याला सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ मधल्या एका निकालाचा आधार होता. १६ फेब्रुवारी २०२२ रोजी व्होडाफोन आयडिया सेल्युलरच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न निकाली काढला. टेलिफोनचा ग्राहकही ग्राहक आयोगाकडे जाऊ शकतो, असे त्या निकालाने स्पष्ट झाले.

सेवाच मिळत नसेल तर?

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. आजऱ्याचा पाऊस सगळ्यांना ठाऊक आहे. झाड पडते, तार तुटते, वीज जाते. रस्त्याचे काम निघाले की पहिला घाव जमिनीतल्या केबलवर बसतो. एकदोन दिवस आपण समजून घेतो. पण पंधरा पंधरा दिवस इंटरनेट नाही, फोन केला की 'काम चालू आहे' एवढेच उत्तर, आणि कंटाळून सोडतो म्हटले की मुदतीआधी सोडल्याचे शुल्क. मग करार मोडला कुणी? महिनाभर सेवा देण्याचे ज्याने कबूल केले आणि दिली नाही त्याने, की तिची वाट बघून जो उठला त्याने?

ही बाजू ग्राहकाची भक्कम असते, पण ती कागदावर हवी. बंद पडल्याच्या प्रत्येक वेळी कंपनीच्या तक्रार केंद्रावर तक्रार नोंदवावी आणि तिचा क्रमांक वहीत तारखेसह लिहून ठेवावा. गावातल्या लाइनमनला फोन केला, तो ओळखीचा होता, त्याने बघतो म्हटले, ही तक्रार नव्हे. तो भला माणूस असेल, पण त्याच्या बोलण्याची नोंद कुठेच राहत नाही. तक्रार सुटली नाही, तर २०१२ च्या नियमांप्रमाणे कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे विनाशुल्क अपील करता येते. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, आणि शेवटी आयोग. 'ट्राय' ही नियम करणारी संस्था आहे. एकेका ग्राहकाचे भांडण ती सोडवत नाही, हे लक्षात ठेवावे.

आणखी एक गोष्ट. आपल्या भागात फायबर पुष्कळदा कंपनीचे आणि तार ओढणारा गावातला केबलवाला, अशी भागीदारी असते. तेव्हा पैसे कुणाच्या नावाने भरले, पावतीवर नाव कुणाचे आहे, राउटर कुणाचा, हे पहिल्याच दिवशी बघावे. नाहीतर सोडताना कंपनी केबलवाल्याकडे बोट दाखवते आणि केबलवाला कंपनीकडे.

सोडण्याचा क्रम

सोडायचे ठरलेच, तर घाई करू नये. हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागू नये. आधी नवे कनेक्शन घरात नीट चालू होऊ द्यावे, आठवडाभर बघावे, मग जुन्याला रजा द्यावी. मोबाइल नंबर टिकवायचा असेल, तर जुने सिम बंद करायला सांगू नये, पोर्टच करावे. बंद केलेला नंबर पोर्ट होत नाही.

बिल भरायचे थांबवले म्हणजे कनेक्शन बंद झाले, ही समजूत सगळ्यात महागात पडते. पोस्टपेड आणि ब्रॉडबँडमध्ये बिल चालूच राहू शकते. मग थकबाकी, त्यावर उशिराचा आकार आणि अखेर वकिलाची नोटीस. बंद करण्याची विनंती लेखी द्यावी, ई-मेलने किंवा अर्जाने, आणि तिचा क्रमांक घ्यावा. बँकेतून आपोआप पैसे जात असतील, तर शेवटचे बिल भरून झाल्यावर ती सूचना रद्द करावी.

राउटर परत करताना अडॅप्टरसह परत करावा आणि पोच घ्यावी. पोच नसेल, तर वर्षभराने राउटरची किंमत मागणारा फोन आल्यावर दाखवायला हातात काहीच उरत नाही. अनामत परत करण्यालाही मुदत असते, ती कंपनीच्या मर्जीवर नसते. ब्रॉडबँडसाठी 'ट्राय'ने २००६ मध्ये केलेल्या नियमांत ती ६० दिवसांची होती. २०२४ मध्ये सेवेच्या दर्जाचे नियम नव्याने झाले. तेव्हा अर्जातच 'अनामत किती दिवसांत व कोणत्या खात्यात जमा होईल' असे विचारून उत्तर घ्यावे.

आणि ज्यांच्या घरी येत्या आठवड्यात नवे कनेक्शन येणार आहे, त्यांनी एवढे करावे. जोडायला माणूस आला की सही करण्यापूर्वी त्याला चार गोष्टी कागदावर लिहून द्यायला सांगाव्यात: किमान मुदत किती, मुदतीआधी सोडल्यास किती, राउटर कुणाचा, अनामत किती. त्याला माहीत नसेल, तर त्याने कार्यालयात फोन लावून विचारावे आणि कंपनीकडून तसा संदेश तुमच्या मोबाइलवर यावा. पाच मिनिटांचे काम आहे. त्या पाच मिनिटांत जो विक्रेता टाळाटाळ करील, त्याच्याकडून शिडी परत न्यायला सांगायला हरकत नाही. गावात आता दुसरी तारही आहे.